धास्ती 'ए'ची, वाळीत 'बी'

न्यूयॉर्कच्या किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या घरात कुणाच्या रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू, निघाला, की बरेचदा आधी त्याचा वाडगा आणि चॉपस्टिक वेगळ्या होतात. मधोमध ठेवलेल्या भांड्यांतून सगळ्यांनी मिळून जेवायची तिथली रीत; तिच्यातून एकाला बाजूला काढणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आणि ही खबरदारी मुळात दुसऱ्याच आजाराची!

खाण्यापिण्यातून पसरतो तो हिपॅटायटिस ए. 1988च्या सुरुवातीला शांघायमध्ये सांडपाण्याने दूषित झालेल्या, अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांमधून त्याची साथ आली. सुमारे 3 लाख लोक आजारी पडले. ज्यांनी ते पाहिलं, त्यांना भांडी वेगळी करणं शहाणपणाचं वाटलं तर नवल नाही. पण 'ए' काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत जातो. अंगात कायमचा राहत नाही.

'बी' पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. एका ताटात जेवून नाही, मिठी मारून नाही. वेगळं ठेवायचंच तर दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश ठेवावा. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्क्यांत तो ठाण मांडतो. धडधाकट प्रौढांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आत असतं. म्हणजे चीनमधून आलेल्या पन्नाशीच्या माणसाला तो बहुधा जन्मतः किंवा बालपणीच मिळालेला असतो. तरीही लोक त्याच्या चालचलणुकीवर घसरतात, हा मला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

रिपोर्ट लपवायची सवयही उगाच लागलेली नाही. चीनमध्ये नोकरीच्या आणि शाळाप्रवेशाच्या तपासणीत 'बी'ची चाचणी सर्रास व्हायची, त्यावरून लोकांना नाकारलं जायचं. सरकारने 2010मध्ये त्यावर बंदी आणली. देश सुटला, धास्ती सामानाबरोबर आली.

'बी' वर्षानुवर्षं काहीच त्रास देत नाही, आणि आतल्या आत यकृत निबर होतं, कधी कॅन्सर होतो. रोज एक गोळी घेऊन विषाणू दाबून ठेवता येतो. ती प्रत्येकाला लागतेच असं नाही, पण तपासण्या चुकवून चालत नाही. आईला 'बी' असेल तर बाळाला जन्मल्यापासून 12 तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देतात. अमेरिकेत गरोदरपणी ही चाचणी होतेच, त्यामुळे बाळ बहुधा वाचतं. अडतं ते नवऱ्यापाशी आणि भावंडांपाशी: त्यांना तपासून घ्या, लस घ्या म्हणायचं, तर आधी स्वतःचं सांगावं लागतं.