तारांगण व वेधशाळा : मुलांसह भेट

तारांगण आणि वेधशाळा ही दोन्ही आकाश दाखवणारी ठिकाणे, पण त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. तारांगणातले आकाश घुमटाच्या आतल्या बाजूवर प्रकाशाने उभे केलेले असते. ते ठरल्या वेळी उगवते, ढगांना जुमानत नाही आणि अख्खी रात्र काही मिनिटांत फिरवून दाखवते. वेधशाळेतले आकाश खरे, म्हणूनच बेभरवशाचे. मुलांच्या सहलीत जो विरस होतो तो बहुधा हा फरक आधी न सांगितल्यामुळे. घुमटावर रंगीत तेजोमेघांतून (अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांतून) ‘उडून’ आलेल्या मुलाला दुर्बिणीत करड्या धुरासारखा ठिपका दिसला, की त्याला फसवल्यासारखे वाटते.

आकाशाची चालती प्रतिकृती करण्याची हौस तारांगणांहून जुनी आहे. नेदरलँड्समधील फ्रानेकर गावात आइसे आइसिंगा या लोकर पिंजणाऱ्या गृहस्थाने १७७४ ते १७८१ या काळात आपल्या बैठकीच्या खोलीच्या छतावर सूर्यमाला बसवली. मे १७७४ मध्ये चंद्र आणि काही ग्रह आकाशात जवळ येणार होते आणि त्यामुळे पृथ्वी कक्षेतून ढकलली जाईल अशी आवई उठली होती. त्या भीतीला हे उत्तर होते. छतावरचे ग्रह खऱ्या वेगाने फिरतात : बुध ८८ दिवसांत, शनी साडेएकोणतीस वर्षांत. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर, असे तिथले प्रमाण आहे. युरेनस त्यात नाही, कारण तो सापडला १७८१ मध्येच. हे तारांगण अजून चालते आणि २०२३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ‘इतका वेळ थांबूनही शनी का हलत नाही?’ असे एखाद्या मुलाने तिथे विचारले, तर त्याला काळाचे माप कळू लागले म्हणायचे.

आजच्या अर्थाने तारांगण आले ते १९२३ मध्ये. जर्मनीतील येना येथील झाइस या भिंगे बनवणाऱ्या कंपनीतील वाल्टर बाउअर्सफेल्ड यांच्या प्रक्षेपकाने म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये सुमारे ४,५०० तारे घुमटावर उमटवले. १९२५ पासून तो तिथे लोकांसाठी खुला झाला. पहिल्या यंत्राला म्युनिकच्या अक्षांशावरचेच आकाश दाखवता येई. पुढच्या नमुन्याला दोन्ही टोकांना ताऱ्यांचे गोळे आले आणि दक्षिण गोलार्धही घुमटावर आला. शिकागोचे ॲडलर तारांगण १९३० मध्ये, कोलकात्याचे बिर्ला तारांगण १९६३ मध्ये आणि मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. अपोलो मोहिमांचे अंतराळवीर तारे ओळखायला अमेरिकेतील चॅपेल हिल येथील मोअरहेड तारांगणात शिकले होते, ही गोष्ट मुलांना हमखास आवडते. न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणात खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन नऊ वर्षांचे असताना प्रेक्षक म्हणून गेले. १९९६ मध्ये ते त्याच तारांगणाचे संचालक झाले.

गेल्या काही दशकांत संगणकावर चालणारे प्रक्षेपक आले आणि तारांगणाचे निम्मे चित्रपटगृह झाले. कार्यक्रम निवडताना हे ध्यानात घ्यावे. तयार ध्वनिमुद्रित चित्रपट देखणा असतो, पण लहान मुलांसाठी निवेदक समोर उभा राहून बोलतो तो कार्यक्रम जवळजवळ नेहमीच सरस ठरतो. निवेदक थांबू शकतो, प्रश्न घेऊ शकतो, ‘सप्तर्षी कुणाला सापडले?’ असे विचारून घुमटाखाली कलकलाट करवू शकतो. त्यातही त्याच रात्रीचे आकाश दाखवणारा कार्यक्रम मिळाला तर उत्तम, कारण घरी परतताना मान वर केली की तेच तारे भेटतात.

काळोखाची भीती ही चार-पाच वर्षांच्या मुलांची मुख्य अडचण. बहुतेक ठिकाणी दिवे एकदम न घालवता सूर्यास्त सावकाश दाखवतात. त्याने भीती कमी होते आणि डोळेही अंधाराला सरावू लागतात. पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि एकदा दार उघडून उजेड आत आला की ती मेहनत क्षणात वाया जाते. उशिरा आलेल्यांना आत न सोडण्यामागे हेच कारण आहे. तेव्हा शौचालयाची फेरी आधीच उरकावी. संपूर्ण घुमट वेगाने सरकतो त्या दृश्यांत काहींना गरगरते. तसे झाल्यास डोळे मिटावेत किंवा पुढच्या आसनाच्या पाठीकडे पाहावे. अशा मुलाला मागच्या रांगेत, दाराजवळ बसवणे सोयीचे.

वेधशाळेत मुलांनी काय पाहावे, याचे उत्तर लंडनमधील ग्रीनिचसारख्या जुन्या वास्तूत आणि जयपूरच्या जंतरमंतरात आधुनिक वेधशाळेहून वेगळे असते. तिथे बघायचे ते यंत्र. जयपूरच्या सम्राट यंत्राची, म्हणजे प्रचंड छायाघड्याळाची, सावली सरकताना डोळ्यांना दिसते; पृथ्वी फिरते हे सांगायला यापेक्षा सोपे साधन नाही. डोंगरावरच्या आधुनिक संशोधन वेधशाळांत मात्र नेत्रिकेला (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला) डोळा लावणारे कुणी उरलेले नाही : प्रकाश कॅमेऱ्यात आणि त्याचे रंग वेगळे करून मोजणाऱ्या वर्णपटमापकात जातो, खगोलशास्त्रज्ञ पडद्यासमोर बसतात. दुर्बिणीतून पाहायला मिळेलच असे मुलांना सांगून नेऊ नये. त्यासाठी लोकांसाठी राखलेली दुर्बीण शोधावी. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत १९३५ पासून अशी दुर्बीण आहे.

दिवसाची निवड ही सगळ्यांत महत्त्वाची. पौर्णिमेला जाणे ही सर्रास होणारी चूक आहे. तेव्हा चंद्रावर ऊन समोरून पडते, सावल्या नाहीशा होतात आणि विवरे सपाट दिसतात. शिवाय त्या उजेडात अंधूक तारे बुडतात. शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांचे काठ उठून दिसतात आणि चंद्र संध्याकाळीच वर असल्याने मुलांना जागवावे लागत नाही. गुरूचे चार मोठे उपग्रह छोट्या दुर्बिणीतही दिसतात. शनी मुलांचा लाडका, पण त्याची कडी साधारण दर पंधरा वर्षांनी आपल्याला कडेवरून दिसतात आणि जवळजवळ लुप्त होतात. मार्च २०२५ मध्ये तसे झाले. तेजोमेघ रंगहीन दिसण्याचा दोष दुर्बिणीचा नसतो. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. छायाचित्रांतले रंग कॅमेऱ्याने बराच वेळ प्रकाश साठवून मिळवलेले असतात.

नेत्रिकेतून पाहणे हे शिकावे लागणारे काम आहे. मूल दोन्ही हातांनी नळी धरते, दुर्बीण हलते, तारा निसटतो आणि मूल शहाण्यासारखे ‘दिसला’ म्हणते. हात मागे बांधायला सांगावे, एक डोळा तळव्याने झाकू द्यावा, पायाखाली स्टूल द्यावे. केवळ जवळचे किंवा केवळ दूरचे दिसण्याचा चष्मा काढून चालते, कारण दुर्बीण फोकस करता येते. दृष्टिवैषम्याचा (तिरप्या नंबरचा) चष्मा ठेवावा. काय दिसेल ते आधी सांगू नये. आधी मुलाला वर्णन करू द्यावे. मोबाइलचा पडदा बंद आणि विजेरी तांबडी हवी, कारण तांबड्या प्रकाशाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. घुमटाखाली गारठा असतो, आणि तो मुद्दामच राखलेला असतो : आतली उबदार हवा घुमटाच्या फटीतून वर गेली की प्रतिमा थरथरते. म्हणून गरम कपडे लागतातच.

रात्री न जागणाऱ्या मुलांसाठी दिवसाचे सूर्यदर्शन चांगले. सूर्यप्रकाश रोखणारी योग्य गाळणी (फिल्टर) दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर बसवून सौरडाग दाखवतात. गाळणीशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवली तर क्षणार्धात डोळा कायमचा जातो. तिथे मुलाला एकटे सोडू नये.

उंचीचाही विचार करावा लागतो. हवाईतील मौना केआच्या सुमारे ४,२०० मीटर उंच शिखरावर हवा विरळ असल्याने लहान मुलांना नेऊ नये असा सल्ला दिला जातो. अभ्यागत केंद्र त्याच्या बरेच खाली, सुमारे २,८०० मीटरवर आहे आणि तारे तिथूनही भरपूर दिसतात. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या रेडिओ वेधशाळांना ढगांची आणि उजेडाची अडचण नसते, मात्र मोबाइलच्या लहरी त्यांना सतावतात. पुणे जिल्ह्यात खोडदजवळच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. अशा ठिकाणी फोन बंद ठेवायला सांगतात, तेव्हा नियम म्हणून नव्हे तर कारणासह सांगावे. अतिशय दूरवरून आलेली कुजबूज खिशातल्या फोनने बुडते, हे मुलांना पटकन पटते.