राजगडावरून रायगड किती निळा?

निसर्गचित्रण शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात एक नियम कानावर पडतो: जवळचे डोंगर हिरवे, मधले निळसर, लांबचे निळे. नियम अर्धाच खरा आहे. त्याच्या भरवशावर शेवटची रांग अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगाच्या ठसठशीत पट्ट्याने रंगवली की ती मागे जायचं सोडून थेट पुढ्यात येऊन बसते.

असं का होतं, हे पाहायला राजगडाचा बालेकिल्ला उत्तम. पश्चिमेकडे तोरणा, सरळ रेषेत सुमारे ७ किलोमीटरवर. त्याच अंगाला पार क्षितिजालगत, हवा स्वच्छ असेल तर, रायगड. तो सुमारे २५ किलोमीटरवर. दोन्हीकडे कातळ बेसॉल्टचाच, गवतही साधारण तेच. तरी दोघांचा रंग वेगळा, कारण मधली हवा.

ही हवा दोन कामं करते. डोंगराकडून निघालेला थोडा प्रकाश वाटेतच विखरून टाकते, हे पहिलं. दुसरं जास्त महत्त्वाचं आणि हमखास विसरलं जाणारं: वरून येणाऱ्या उन्हातला काही भाग ती आपल्या डोळ्यांकडे वळवते. म्हणजे डोंगर आणि आपण यांच्यामध्ये हवेचा स्वतःचा उजेड भरलेला असतो. तो डोंगराच्या रंगात मिळवला जातो. हवेच्या रेणूंकडून होणारं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, हे पुढे लॉर्ड रॅले म्हणून ओळखले गेलेल्या जॉन स्ट्रट यांनी १८७१ मध्ये दाखवलं. ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ६५० नॅनोमीटरचा तांबडा घेतला, तर निळा चौपटीहून जास्त विखुरतो.

आता थोडं गणित. १९२४ मध्ये जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी दिलेलं सूत्र असं: दिसणारी उजळता = डोंगराची मूळ उजळता × त + क्षितिजाची उजळता × (१ − त). यात ‘त’ म्हणजे वाटेत न विखुरता पोहोचलेल्या प्रकाशाचा वाटा. अंतर वाढेल तसा तो घातांकी पद्धतीने घटतो. धूळ अजिबात नाही असं धरलं, तर हजार-बाराशे मीटर उंचीवर तोरण्यापर्यंतच्या हवेची भर (१ − त) निळ्यात सुमारे १५ टक्के आणि तांबड्यात जेमतेम ४ टक्के येते. रायगडासाठी हेच आकडे ४४ आणि १२. सावलीतला कडा क्षितिजाच्या ५ टक्के उजळ आहे असं समजा. रायगडाच्या अंतरावर तोच कडा निळ्या प्रकाशात ४७ टक्के आणि तांबड्यात १६ टक्के उजळ दिसेल. तो निळा झाला हे खरं, पण त्याआधी तो उजळ झाला. हवा सगळ्यात आधी काळोख खाते. उन्हातल्या भागात बदल कमी होतो आणि ऊन-सावलीतला फरक मिटत जातो.

क्षितिजापेक्षाही उजळ असलेल्या गोष्टीचं मात्र उलटं होतं. तिच्यातला निळा वाटेत गळतो, तेवढी भरपाई हवेकडून होत नाही, आणि ती पिवळसर दिसू लागते. म्हणून हिमालयातली लांबची, उन्हातली हिमशिखरं मलईच्या रंगाची दिसतात. लांबचं म्हणून त्यांच्यावर निळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, मारला की चित्र गेलं.

लिओनार्दो दा विंचीने आल्प्समधल्या मॉनबोसो पर्वतावरच्या आकाशाबद्दल लिहिताना सुक्या लाकडाच्या धुराचा प्रयोग सुचवला आहे: उन्हातल्या धुरामागे काळं मखमली कापड धरलं तर धूर निळा दिसतो. पायथ्याच्या वाडीत सकाळी चूल पेटलेली असते तेव्हा नीट पाहा. मागे सावलीतला डोंगर असेल तिथवर धूर निळा. तोच वर चढून उजळ आकाशासमोर आला की तपकिरी.

हे सगळं शुद्ध हवेचं. मार्च ते मे या काळात राब भाजल्याचा धूर आणि धूळ असते, शिवाय कोकणातून दमट वारा येतो. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की समुद्री मिठाचे कण पाणी शोषून फुगतात. एवढे मोठे कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून हवा दुधाळ होते. दृश्यता ३० किलोमीटर असेल तर तोरण्याच्या रंगात ६० टक्के आणि रायगडाच्या रंगात ९६ टक्के भर हवेची. त्या दिवशी रायगड निळा नव्हेच, जवळजवळ नाहीच. पावसाने धुतलेली ऑक्टोबरची सकाळ बरी.

जलरंगात ३०० ग्रॅमचा (जीएसएम) कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खडबडीत, कागद घ्या. क्षितिजाजवळच्या आकाशाचा फिका वॉश आधी मारा आणि त्यातलं मिश्रण उरवा. शेवटच्या रांगेला तेच मिश्रण वापरा, त्यात किंचित कोबाल्ट ब्लू. थॅलो ब्लू नको, त्याचा थेंबही भारी पडतो. पुढच्या रांगांना अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), दर रांगेला पाणी कमी. जलरंग वाळला की फिकटतो, म्हणून चिठोऱ्यावर वाळवून पाहा. कागदाला तळहाताची मागची बाजू लावा. गार लागला तर अजून ओला आहे. अशा अर्धवट ओल्या वॉशवर पाणीदार ब्रश लागला तर पाणी रंगकणांना ढकलत जातं आणि फुलकोबीसारखा डाग पडतो. प्रत्येक रांगेचा पायथा नुसत्या पाण्याने विरवा, कारण धूसरपणा दरीत जास्त साचतो.

गडदपणा मोजायला काळ्या कार्डाला एक सेंटीमीटरचं भोक पाडा आणि हात लांब करून त्यातून लांबची सावली पाहा. ती किती फिकी आहे याचा धक्काच बसतो. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, तो धूसरपणा परस्पर पुसतो.

वास्तूवाले डोंगराचं चित्र नैर्ऋत्येच्या भिंतीवर लावायला सांगतात, स्थैर्य येतं म्हणे. जांभळ्या सावल्यांत अलिझरीन क्रिमसन वापरला असेल आणि भिंतीवर थेट ऊन येत असेल, तर दिशा कुठलीही असो, तो रंग उडणार.

लांबची रांग फार गडद झालीच, तर ती पूर्ण वाळल्यावर चायनीज व्हाइटचा अगदी पातळ थर द्या. त्यात निळा मिसळू नका. गडद रंगावर पांढऱ्याचे बारीक कण धुरासारखेच निळा जास्त विखुरतात, म्हणून तो थर आपसूक निळसर दिसतो. ब्रश एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा घासलं की खालचा रंग सुटून चिखल होतो.