बॅरी फिट्झजेराल्ड: डब्लिनचा कारकून-नट आणि ऑस्करचा बदललेला नियम

एकाच चित्रपटातल्या एकाच भूमिकेसाठी प्रमुख अभिनेता आणि सहाय्यक अभिनेता अशी दोन्ही नामांकनं मिळवणारा नट ऑस्करच्या इतिहासात एकच झाला, डब्लिनचा बॅरी फिट्झजेराल्ड. चित्रपट 'गोइंग माय वे' (१९४४), भूमिका म्हाताऱ्या फादर फिट्झगिबनची. ही नोंद सहसा गमतीच्या सदरात सांगितली जाते. पण मतदारांचा गोंधळ का उडाला हे समजायचं तर आधी डब्लिनला जावं लागतं. प्रमुख नट आणि दुय्यम नट हा भेद न मानणाऱ्या रंगभूमीवर या माणसाची घडण झाली होती.

खरं नाव विल्यम जोसेफ शील्ड्स, जन्म १० मार्च १८८८. घर प्रॉटेस्टंट, वडील कामगार चळवळीतले, आई जर्मन. विल तरुणपणीच सरकारी नोकरीला लागला आणि पुढे बेकारी विम्याच्या कचेरीत कारकुनी करू लागला. धाकटा भाऊ आर्थर डब्लिनच्या ॲबी थिएटर या नाट्यगृहात काम करायचा. १९१६ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावात तो बंदूक घेऊन उतरला आणि वेल्समधल्या फ्राँगॉकच्या छावणीत स्थानबद्धही झाला. थोरला नोकरी सांभाळून संध्याकाळी नाटकात जाऊ लागला. सरकारी माणसाने रंगमंचावर दिसणं वरिष्ठांच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याने घेतलेलं नाव म्हणजे बॅरी फिट्झजेराल्ड.

ॲबी २७ डिसेंबर १९०४ रोजी सुरू झालं. इमारतीचे पैसे ॲनी हॉर्निमन यांचे, सूत्रं कवी डब्ल्यू. बी. येट्स आणि नाटककार लेडी ग्रेगरी यांच्या हाती. नटसंच मात्र फे बंधूंच्या हौशी मंडळीतून आलेला. या बंधूंनी लावलेली शिस्त ते गेल्यावरही टिकली: बोलणाऱ्याने बोलायचं, बाकीच्यांनी स्तब्ध राहायचं आणि ऐकायचं. रंगमंच लहान आणि उथळ असल्याने उगाच केलेली हालचाल लगेच डोळ्यांत यायची. संच कायमचा, नाटकं सतत बदलती. या नाटकात मोठी भूमिका करणाऱ्याला पुढच्यात चार वाक्यं मिळाली तरी त्याने कुरकुर करायची नाही. पैसा बेताचा. १९२५ मध्ये आयरिश सरकारने ८५० पौंडांचं अनुदान दिलं आणि इंग्रजीभाषक जगातलं पहिलं सरकारी अनुदानित नाट्यगृह अशी ॲबीची ख्याती झाली, पण एवढ्यात नटांचे संसार चालणार नव्हते. १९२४ मध्ये फिट्झजेराल्डला आठवड्याला अडीच पौंड मिळत. कचेरीचा पगार होता म्हणून तो नाटक करू शकला.

लेडी ग्रेगरींच्या 'द ड्रॅगन' (१९१९) मधून त्याच्याकडे लक्ष गेलं, पण खरी भूमिका यायला पाच वर्षं लागली. ३ मार्च १९२४ रोजी नाटककार शॉन ओ'केसी यांचं 'जूनो अँड द पेकॉक' रंगमंचावर आलं आणि फिट्झजेराल्ड 'कॅप्टन' बॉइल झाला. यादवी युद्धातलं डब्लिन, मोडकळीला आलेली चाळ, कामाचं नाव काढलं की पाय दुखू लागणारा बाप. दिवसभर बेकारांचे कागद हाताळणारा कारकून रात्री डब्लिनचा सर्वांत प्रसिद्ध बेकार उभा करायचा! बॉइलची बायको जूनो सारा ऑलगुडची, बॉइलचा लाळघोट्या दोस्त जॉक्सर एफ. जे. मॅकॉर्मिकचा.

या भूमिकेतली अडचण शेवटच्या पाच मिनिटांत आहे. वारसा मिळणार म्हणून उधारीवर आणलेलं फर्निचर परत गेलंय, मुलाला गोळी घातलीय, लग्नाआधीच गरोदर राहिलेल्या मुलीला घेऊन आई घर सोडून गेलीय. रिकाम्या खोलीत बॉइल आणि जॉक्सर झिंगून येतात आणि जग कसं बिघडलंय यावर बरळतात. मुलगा मेल्याचं बॉइलला ठाऊकच नाही. नटाने इथे हशा वसूल करायला सुरुवात केली की आधीचं सगळं वाया जातं. मुद्दाम करुण केलं तर बॉइलला शहाणपण सुचल्यासारखं दिसतं आणि नाटक खोटं पडतं. इथे दारुड्यासारखं निव्वळ गंभीरपणे बोलायचं असतं. लोक हसतात आणि हसल्याची त्यांना लाज वाटते. ही तोलाची कामगिरी एकट्याची नसते. जॉक्सरने 'हो ला हो' नेमक्या वेळी केलं नाही तर बॉइल कोसळतो.

दोन वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९२६ रोजी, ओ'केसींचंच 'द प्लाउ अँड द स्टार्स' आलं. ईस्टर उठावाचा काळ, आणि दुसऱ्या अंकात स्वातंत्र्यसैनिकांचे झेंडे थेट दारूच्या गुत्त्यात, तिथे एक वेश्याही. त्याच आठवड्यात प्रेक्षागृहात दंगा झाला, निदर्शक रंगमंचावर चढले. फ्लूथर गुडचं काम करणाऱ्या फिट्झजेराल्डने त्यांतल्या एकाला ठोसा लगावल्याची हकिगत आहे. येट्स यांनी रंगमंचावरून प्रेक्षकांना 'तुम्ही पुन्हा स्वतःची बेअब्रू केलीत' असं सुनावलं. फिट्झजेराल्डला पळवून नेण्याचाही प्रयत्न झाला, तो फसला. विरोध फक्त बाहेरून नव्हता. आयलीन क्रो या नटीने काही वाक्यं उच्चारायला नकार दिल्यावर तिची भूमिका बदलावी लागली होती.

नोकरी सुटली १९२९ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. ॲबीने नाकारलेलं ओ'केसींचं 'द सिल्व्हर टासी' लंडनच्या अपोलो थिएटरात होणार होतं, चार्ल्स लॉटन प्रमुख भूमिकेत. त्यात काम करायला म्हणून फिट्झजेराल्ड पूर्णवेळ नट झाला. पुढे ॲबीसोबत त्याचे अमेरिकेचे दौरे झाले आणि १९३६ मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्डने 'प्लाउ'च्या चित्रपटासाठी त्याला, आर्थरला, मॅकॉर्मिकला आणि आयलीन क्रोलाही बोलावून घेतलं. मॅकॉर्मिक डब्लिनला परतला. फिट्झजेराल्ड अमेरिकेतच राहिला, आर्थरही पुढे तिकडेच स्थायिक झाला.

हॉलिवूडला त्याचं काय करावं ते चटकन उमगलं: छोटी चण, दाट भुवया, खरखरीत आवाज. 'ब्रिंगिंग अप बेबी'त माळी, 'द लाँग व्हॉयेज होम'मध्ये खलाशी. कामं चांगली, पण सगळी कडेची. मग दिग्दर्शक लिओ मॅकॅरीचा 'गोइंग माय वे' आला. कथा बिंग क्रॉस्बीच्या तरुण पाद्रीची. पण गुंता, राग, शरणागती हे सगळं म्हाताऱ्याकडे. फिट्झजेराल्ड ॲबीच्या सवयीने क्रॉस्बीला जागा देत राहतो, ऐकत राहतो, आणि पाहणाऱ्याची नजर त्याच्यावरच खिळते. ही प्रमुख भूमिका की सहाय्यक? दोन्ही उत्तरं बरोबर होती.

एकाच कामाचं नाव दोन्ही गटांत येऊ नये अशी तरतूद तेव्हा नव्हती. दोन्हीकडे पुरेशी मतं पडली. १५ मार्च १९४५ च्या समारंभात प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार क्रॉस्बीला आणि सहाय्यकचा फिट्झजेराल्डला मिळाला. सहाय्यक नटांना फलकाऐवजी पूर्ण पुतळा मिळू लागल्याचं ते दुसरंच वर्ष. युद्धामुळे धातूची टंचाई, म्हणून पुतळा प्लास्टरचा. घरात गोल्फचा सराव करताना फिट्झजेराल्डने त्या पुतळ्याचं मुंडकंच उडवलं.

यानंतर ऑस्कर देणाऱ्या अकादमीने नियम बदलला. मतदार आजही भूमिका हव्या त्या गटात टाकू शकतो. दोन्हीकडे मतं पडली तर ज्या गटात ती ठरलेला आकडा आधी गाठते तिथेच नामांकन होतं. म्हणूनच निर्मात्यांनी केलेला प्रचार कधीकधी फसतो. 'द रीडर'साठी केट विन्स्लेटचा प्रचार सहाय्यक गटात झाला, नामांकन प्रमुख गटात आलं आणि ती जिंकली. २०२१ मध्ये लकीथ स्टॅनफील्डचं उलट झालं: प्रचार प्रमुखसाठी, नामांकन सहाय्यकमध्ये. मात्र दोन वेगळ्या चित्रपटांतल्या दोन भूमिकांसाठी दोन्ही गटांत नाव येऊ शकतं. १९९३ च्या चित्रपटांसाठी एमा थॉम्प्सन आणि हॉली हंटर या दोघींचं आलं होतं.

पुरस्कारानंतर 'द नेकेड सिटी' (१९४८) मध्ये पोलीस अधिकारी मल्डूनची भरीव भूमिका मिळाली. तिथे तो लाडिकपणा टाकून काम करतो, आणि माझ्या मते पडद्यावरचं त्याचं सर्वांत संयत काम तेच. लोकांच्या लक्षात मात्र राहिला तो 'द क्वाएट मॅन' (१९५२) मधला मिकलीन ओग फ्लिन, घोडागाडी हाकणारा, लग्नं जुळवणारा, पैजा घेणारा. बाह्यचित्रण १९५१ च्या उन्हाळ्यात मेयो परगण्यातल्या काँग गावात झालं. आर्थर या चित्रपटात प्रॉटेस्टंट धर्मगुरू आहे, आणि त्याची बायको झाली आहे तीच आयलीन क्रो. त्याच उन्हाळ्यात, १८ जुलैला, जुन्या ॲबीला आग लागली. त्या रात्री तिथे 'द प्लाउ अँड द स्टार्स'चाच प्रयोग झाला होता.

फिट्झजेराल्ड पुढे डब्लिनला परतला आणि जानेवारी १९६१ मध्ये तिथेच वारला. त्याचा बॉइल पडद्यावर कधी आलाच नाही. १९३० मध्ये हिचकॉकने 'जूनो'वर चित्रपट केला तेव्हा सारा ऑलगुडला जूनो मिळाली, बॉइल मात्र एडवर्ड चॅपमनकडे गेला. फिट्झजेराल्ड आहे त्यात, सुरुवातीच्या एका दृश्यात, रस्त्यावर भाषण ठोकणाऱ्या वक्त्याच्या छोट्याशा कामात.