फ्र्यूलिंग्सराउशन

नॉर्वेचे संगीतकार क्रिस्टियान सिंडिंग (१८५६–१९४१) यांची १८९६ सालची पियानोरचना. ऑपस ३२ (ऑपस म्हणजे प्रकाशित कृतीचा क्रमांक) या सहा रचनांच्या संचातील तिसरी. जर्मन नावाचा अर्थ 'वसंताची सळसळ' असा केला जातो. 'राउशन' हा शब्द मात्र पानांच्या सळसळीइतकाच वाहत्या पाण्याच्या आवाजालाही वापरतात, आणि रचना ऐकताना तो दुसरा अर्थच मनात येतो. नॉर्वेतला वसंत म्हणजे आपला चैत्र नव्हे. महिनोन्‌महिने साचलेले बर्फ वितळून ओढे-नद्या दुथडी भरून धावू लागतात, तो हा काळ.

सिंडिंग यांचा जन्म कोंग्सबर्ग या चांदीच्या खाणींच्या गावचा. थोरला भाऊ ओटो चित्रकार, दुसरा स्टेफान शिल्पकार. १८७४ पासून सिंडिंग जर्मनीतल्या लाइपझिगला संगीत शिकले. त्यांच्या आधी नॉर्वेचेच संगीतकार एडवर्ड ग्रीगही तिथेच शिकून गेले होते.

रचनेवर एट्यूड, म्हणजे सरावरचना, असा शिक्का नाही. तरी ती बोटांची परीक्षा एट्यूडसारखीच घेते. उजवा हात सुट्या केलेल्या स्वरसंघांच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या) लाटा अखंड वर-खाली नेत राहतो आणि खाली, खर्जाच्या बाजूला, डावा हात मुख्य धून गातो. नेहमीची वाटणी इथे उलटी झाली आहे.

स्वरपट्टी डी-फ्लॅट मेजर. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर षड्ज 'काळी एक'चा. या सप्तकातले गंधार आणि निषाद तेवढे पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, बाकीचे पाचही स्वर काळ्यांवर. कागदावर पाच कोमल चिन्हे पाहून नवशिका बिचकतो. प्रत्यक्षात लांब बोटे उंच काळ्या पट्ट्यांवर आपोआप टेकतात, आखूड अंगठ्याला खालची पांढरी मिळते आणि हात सहज वळतो. म्हणूनच ही रचना ऐकायला वाटते तितकी वाजवायला अवघड नाही. घरोघरी पियानो असण्याच्या त्या काळात युरोप-अमेरिकेतल्या हौशी वादकांनी ती उचलून धरली, यामागे हे मोठे कारण असावे.

या लोकप्रियतेत सिंडिंग यांचे बाकीचे काम झाकोळले गेले. चार सिंफनी, सुमारे अडीचशे गीते आणि व्हायोलिनसाठीची ए-मायनरमधली सुंदर सुइट (अनेक भागांची वाद्यरचना) इतका त्यांचा संसार आहे. सुइट तरी आवर्जून ऐकावी.

वादनात खरी कसोटी उजव्या हाताच्या वेगाची नाही. लाटांचा आवाज वाढला की धून बुडते, आणि स्वरसंघ बदलताना पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) वेळेवर सोडले नाही तर सगळाच गढूळ गोंगाट होतो. त्यासाठी आधी डावा हात एकटा, संथ लयीत, गाऊन दाखवल्यासारखा बसवावा. तो पक्का झाला की मग उजव्याला सोबत घ्यावे, तेही अगदी हलक्या बोटांनी.