अमेरिकेत ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायचंय? वेव्हर गेलं, आठ तासांचं ट्रेनिंग राहिलं

रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीकडची बरीच मुलं-मुली एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीला जातात आणि त्यातल्या फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिनवाल्यांचा एक प्रश्न हमखास येतो. हेरॉइन, फेंटॅनिल नाहीतर ऑक्सिकोडोनसारख्या वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेल्या पेशंटला साध्या ओपीडीत बसून ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हे व्यसन सोडवायला वापरायचं औषध, द्यायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते का? नाही लागत. नेटवर जुनी माहिती अजून पडून आहे, ती वाचून लोक उगाच टेन्शन घेतात, म्हणून नीट सांगते.

आधी असं होतं की सन 2000 च्या कायद्याने पहिल्यांदा साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरला हे उपचार करायला वाट दिली, 2002 मध्ये ब्युप्रेनॉर्फिनच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांना मान्यता मिळाली, पण त्यासाठी आठ तासांचं ट्रेनिंग घ्या, सरकारला कळवा, मग तुम्हाला वेव्हर, म्हणजे ही खास परवानगी, आणि एक्सने सुरू होणारा वेगळा नंबर मिळणार. वर पेशंटची मर्यादा, सुरुवातीला 30, मग 100, आणि 2016 पासून अटी पुऱ्या केल्या तर 275. एवढे सोपस्कार बघून बहुतेक डॉक्टर त्या वाटेला गेलेच नाहीत आणि पेशंट मात्र दारोदार फिरत राहिले, हे मला फार वाईट वाटतं. 29 डिसेंबर 2022 ला सही झालेल्या कायद्याने हे वेव्हर, तो नंबर आणि पेशंटची मर्यादा, तिन्ही रद्द केलं.

आता पात्रता काय, तर तुम्ही जिथे काम करता त्या राज्याचं मेडिकल लायसन्स आणि डीईएचं, म्हणजे तिकडच्या औषध-नियंत्रण खात्याचं रजिस्ट्रेशन, ज्यात शेड्यूल तीनच्या औषधांची परवानगी आहे (ब्युप्रेनॉर्फिन याच गटात येतं). बस. राज्याचे स्वतःचे नियम असतील तर तेवढे वेगळे बघून घ्या. आणि मेथाडोन हे याच कामाचं दुसरं औषध यात धरू नका, व्यसनासाठी ते आजही खास मान्यता असलेल्या केंद्रातूनच मिळतं, ओपीडीत लिहून देता येत नाही.

ट्रेनिंग मात्र संपलेलं नाही, फक्त त्याची जागा बदलली. 27 जून 2023 पासून डीईएचं रजिस्ट्रेशन नवीन काढताना किंवा त्यानंतरच्या पहिल्या रिन्युअलला प्रत्येक डॉक्टरने व्यसनाच्या आजारांवरचं एकूण आठ तासांचं ट्रेनिंग झालंय असं सांगावं लागतं, मग तुम्ही ब्युप्रेनॉर्फिन देणार असा किंवा नसा. सूट फक्त जनावरांच्या डॉक्टरांना. हे आयुष्यात एकदाच करायचं, दर वेळी नाही. आठ तास एका बैठकीत नकोत, तुकड्या-तुकड्याने चालतात, ऑनलाइन चालतात, आणि जुन्या वेव्हरसाठी केलेले तासही धरले जातात. ॲडिक्शन मेडिसिन किंवा ॲडिक्शन सायकिॲट्रीचं बोर्ड सर्टिफिकेट असेल तर वेगळं ट्रेनिंग नको. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजातून नुकत्याच पास झालेल्यांना अभ्यासक्रमात तेवढे तास झाले असतील तर सवलत आहे, पण आपली पोरं इथल्या कॉलेजातून शिकलेली, त्यामुळे त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका. माझ्या भाचीने फोनवर हेच विचारलं, मावशी मी पण आत्ताच पास झालेय ना, मग मला कशाला, तर म्हटलं बाई गं, कॉलेज तिकडचं पाहिजे.

कोर्स शोधायला फार फिरायला नको. प्रोव्हायडर्स क्लिनिकल सपोर्ट सिस्टीम म्हणून तिकडच्या सरकारच्या पैशावर चालणारा कार्यक्रम आहे, त्याचे कोर्स फुकट आहेत, शिवाय अमेरिकन सोसायटी ऑफ ॲडिक्शन मेडिसिनचेही आहेत. रेसिडेन्सीत या विषयाचे लेक्चर झाले असतील तर प्रोग्रॅम ऑफिसला विचारा की मान्यताप्राप्त संस्थेचं तासांसकट सर्टिफिकेट मिळेल का.

अर्ज ऑनलाइन, नवीन असेल तर फॉर्म 224, रिन्युअल असेल तर 224 ए. हाताशी ठेवायचं ते म्हणजे राज्याच्या लायसन्सचा नंबर, काही राज्यांत कंट्रोल्ड औषधांचं वेगळं रजिस्ट्रेशन असतं त्याचा नंबर, सोशल सिक्युरिटी नंबर, त्याच राज्यातला दवाखान्याचा पत्ता आणि पैसे भरायला कार्ड. फी 888 डॉलर, तीन वर्षांसाठी. मध्ये शिक्षा झाली का, लायसन्स कधी निलंबित झालं का असे प्रश्न येतात, खरं तेच लिहा. ट्रेनिंगसाठी फॉर्मवर एका चौकोनात टिक करायची असते, सर्टिफिकेट अपलोड करायला सांगत नाहीत. पण म्हणून ते टाकून देऊ नका, पीडीएफ आपल्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, उद्या कोणी मागितलं तर.

माझं कळकळीचं सांगणं एकच, व्हिडिओ मागे चालू ठेवून जेवण करत आठ तास भरू नका, कारण यात खरी अडचण कागदाची नसते, पहिल्या डोसची असते. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागेला हेरॉइनपेक्षा घट्ट चिकटतं पण परिणाम अर्धवटच करतं, त्यामुळे अंगात नशा असताना गोळी दिली तर ते नशेला हुसकावून लावतं आणि पेशंटला एकदम जोरात विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होतं. एकदा असं झालं की तो परत तुमच्याकडे यायला घाबरतो. म्हणून थांबायचं, हेरॉइनसारख्या थोडा वेळ टिकणाऱ्यासाठी निदान बारा तास, मेथाडोन असेल तर त्याहून बरंच जास्त, आणि फेंटॅनिल चरबीत साठून राहतं म्हणून तिथे बारा तासही कमी पडू शकतात. घड्याळापेक्षा माणसाकडे बघा, एक मिनिट शांत बसवून मग नाडी मोजा, बाहुल्या मोठ्या झाल्यात का, जांभया येतायत का, हातावर काटा आलाय का, नाक गळतंय का. याचे गुण मांडायचा काऊज (COWS) नावाचा तक्ता कोर्समध्ये शिकवतात, तो हाताने भरून बघाच. मग 2 ते 4 मिलिग्रॅमपासून सुरुवात, गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, गिळली तर फारसा उपयोग होत नाही, हे पेशंटला दोनदा सांगा.

इकडच्या, म्हणजे आपल्या गावातल्या डॉक्टरांसाठी एक गोष्ट. तो अमेरिकेचा कोर्स ज्ञानासाठी जरूर करा, पण त्याने भारतात परवानगी मिळत नाही. इथे ब्युप्रेनॉर्फिन अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, ट्रॅमाडोल ही वेदनाशामक गोळीसुद्धा 2018 पासून त्यातच आहे. इथल्या कामासाठी गाझियाबादचं एम्सचं व्यसनमुक्ती केंद्र किंवा बंगळूरची निमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था यांच्या ट्रेनिंगची चौकशी करा. आणि घरातलंच कोणी यात अडकलं असेल तर कोर्सबिर्स राहू दे, 14446 या टोल-फ्री नंबरवर फोन करा नाहीतर सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा, सोबत तो माणूस घेत असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या, डॉक्टरला त्यावरून पटकन कळतं.