पॉप-अप म्हणजे छोटा ट्रेलर नव्हे, चाकं लावलेला टेंट

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पाच जण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका मित्राच्या काजूच्या बागायतीत टेंट टाकून झोपलो होतो. पाऊस गेला, पाऊस गेला असं सगळेच म्हणत होते आणि रात्री दोनला असा काही कोसळला की विचारू नका, वरचं कापड बिचारं टिकलं पण खालून ओहोळ गेला सरळ, स्लीपिंग बॅगा, मोबाईल, एकाची पँट, सगळं पाण्यात. सकाळी काळा चहा पीत कुडकुडत बसलो होतो तेव्हा बागायतवाला मित्र म्हणाला, "बस झालं रे आता, कॅराव्हॅनच घेऊया. तुझ्याकडे होती ना अमेरिकेत, ती उघडते ती?"

माझ्याकडे होत्या दोन, आणि त्यातली एकच उघडायची. गंमत म्हणजे पुढच्याच आठवड्यात मावशीच्या मुलाचा फोन, तो बायको-मुलांना घेऊन ओहायोला चाललाय, "दादा, तिथे गेल्यावर टेंटऐवजी पॉप-अप घेऊ की ट्रॅव्हल ट्रेलर? एकच ना ते, एक लहान एक मोठा?"

एकच नाही. मी मिशिगनात सहा वर्षं होतो, आधी टेंट, मग तीन वर्षं जुना पॉप-अप, मग ट्रॅव्हल ट्रेलर, आणि पहिली चूक मी हीच केली होती की पॉप-अप म्हणजे ट्रेलरची पहिली पायरी समजलो. तसं नाहीये ते.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटलं की स्वतःचं इंजिन असलेली गाडी डोळ्यासमोर येते, महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा पेपरातले फोटोही तसल्याच गाड्यांचे. ब्रिटनमध्ये नि ऑस्ट्रेलियात मात्र कॅराव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे ओढायचं घर, अमेरिकन त्यालाच ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आणि ऑस्ट्रेलियात पॉप-टॉप म्हणून अजून एक असतो ज्याच्या भिंती पक्क्या असतात, फक्त छप्पर थोडं वर उचलतं, तो वेगळा, पॉप-अप वेगळा. जाहिरात वाचताना गल्लत होते म्हणून सांगितलं.

तर पॉप-अप म्हणजे काय, चाकांवरची बुटकी पेटी. बंद असताना साधारण छातीएवढी उंच. कॅम्पवर पोचलं की चाकांपुढे-मागे अडण्या लावायच्या, लेव्हल बघायची, हिचवरून म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या आकड्यावरून सोडायचं, चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, मग एक हँडल घालून गरागरा फिरवत बसायचं की छप्पर वर येतं. मग दोन्ही टोकांना पलंग बाहेर ओढायचे, त्यांना खालून दांडे लावायचे, आणि पलंगांवर जे छत येतं, भिंती येतात, त्या सगळ्या कापडाच्या, झिपा आणि व्हेल्क्रो लावलेल्या. म्हणजे गाद्या जमिनीपासून तीन-साडेतीन फूट वर, शेगडी, छोटं सिंक, कधी फ्रीज, पण तुमच्या नि जंगलाच्या मध्ये कापडच. सवय झाली की अर्धा तास लागतो, नवरा-बायको बोलत नसतील तर पाऊण तास.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पक्क्या भिंतींची खोली. दार उघडा, आत जा, सगळं जागच्या जागी. लेव्हल करा, पाय सोडा, बास. काहींना बटण दाबलं की भिंतीचा एक भाग बाहेर सरकतो, खोली मोठी होते.

दोघांचं कूळच वेगळं आहे. लॉइड बॉन्ट्रेगर नावाच्या माणसाने १९६८ मध्ये इंडियाना राज्यात जेको कंपनी सुरू केली ती पॉप-अपचं छप्पर उचलायची नवी यंत्रणा शोधून काढली म्हणून, म्हणजे सगळं डोकं कशावर, तर टेंट पटकन उभा कसा करायचा यावर. आणि ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये बघा, वॉली बायमची एअरस्ट्रीम, ती चकचकीत ॲल्युमिनियमची, १९३६ च्या क्लिपर मॉडेलपासून विमानाच्या सांगाड्यासारखी रिव्हेट मारून बनवलेली, तिथे डोकं कशावर, तर घर रस्त्यावर कसं पळवायचं यावर. एक टेंटचा वंशज, दुसरा घराचा. त्यामुळे पॉप-अपची दुखणी टेंटची आणि ट्रेलरची दुखणी घराची, हे एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप कळत जातं.

म्हणून मी मावशीच्या मुलाला उलटा प्रश्न विचारला, टेंटमध्ये तुला नेमकं काय सोसत नाही? जमीन की भिंत? कंबर दुखते, खालून ओल येते, खुंट्या ठोकायचा कंटाळा येतो, हे सगळं जमिनीचं दुखणं, पॉप-अपने ते शंभर टक्के जातं. पण वाऱ्याने कापड फडफडतं नि पोर उठतं, शेजारच्याचा जनरेटर ऐकू येतो, थंडी शिरते, उन्हात आत भाजून निघतो, ही भिंतीची दुखणी, आणि त्यावर पॉप-अप फारसं काही करत नाही. हीटर लावा, एसी लावा, कापडातून अर्धं बाहेर जातं.

भिंतीवरून आठवलं. आम्ही यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं ठरवत होतो पॉप-अप घेऊन, बुकिंग करायला बसलो तर फिशिंग ब्रिज म्हणून तिथला जो आरव्ही पार्क, म्हणजे राहायच्या गाड्या-ट्रेलर लावायची जागा आहे तिथे टेंटही नाही आणि टेंट-ट्रेलरही नाही, फक्त पक्क्या भिंतीवाले. कारण ग्रिझली अस्वलं. मला तोपर्यंत वाटत होतं की माझ्याकडे 'ट्रेलर' आहे. अस्वलाच्या हिशोबाने तो टेंटच होता.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. बंद पॉप-अप प्रवासात काही कामाचा नाही. हायवेवर पोराला शी लागली, पाऊस पडतोय, मागे तुमचा पोर्टेबल संडास आहे पण तो घडीच्या आत! ट्रॅव्हल ट्रेलर असला की कडेला पार्किंगमध्ये थांबा, दार उघडा, संडास आहे, फ्रीजमध्ये दही आहे, चटकन दहीभात कालवा नि पुढे चला. आमच्या घरात ट्रेलर आला तो या एका कारणासाठी आला, बाकी सगळी कारणं मी नंतर जोडली. अर्थात ट्रेलरच्या संडासाची टाकी ठरलेल्या जागी नेऊन पाईप लावून रिकामी करावी लागते, ते काम आमच्या घरात नेहमी माझंच, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता वजन, इथे लोक फसतात. पॉप-अप रिकामा साधारण ७०० ते १५०० किलो. ट्रॅव्हल ट्रेलर तिथूनच सुरू होऊन ३०००-४००० पर्यंत जातो. आणि जाहिरातीत जे वजन लिहितात ते रिकाम्याचं, त्यात पाणी नाही, गॅस नाही, तुमचे तांदूळ-कपडे-खुर्च्या नाहीत. दीडशे लिटरची पाण्याची टाकी भरली म्हणजे दीडशे किलो तिथेच वाढले. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर म्हणजे गाडीच्या शेपटावर पडायला हवा, २५०० किलोचा ट्रेलर असेल तर अडीचशे ते पावणेचारशे किलो, आणि तो भार गाडीच्या क्षमतेतून वजा होतो, म्हणजे माणसं नि सामान बसवायच्या आधीच गाडी अर्धी भरली. 'माझी गाडी एवढं ओढते' असं सेल्समन सांगतो ते ओढण्याचं, पेलण्याचं नव्हे. पेलण्याचा आकडा अमेरिकन गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर असतो, तो बघायचा.

मग कोणी हुशारी करून सामान मागे भरतं की पुढचा भार कमी होईल, तर ते सगळ्यात वाईट, शेपूट जड झालं की ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागतो आणि तो डोल वाढतच जातो. तेव्हा जोरात ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक असतील तर ते हाताने हळू दाबायचे. माझं हे एकदा झालंय, मोठा ट्रक बाजूने गेला तेव्हा, पाच सेकंदांचा खेळ पण हात अर्धा तास थरथरत होते. पॉप-अपला हा त्रास कमी, बुटका असल्याने गाडीच्या आडोशाला लपतो, वारा लागत नाही, पेट्रोलही कमी पितो. उंच ट्रेलर म्हणजे भिंतच ओढता तुम्ही.

रिव्हर्सचं मात्र उलटं आहे, लोकांना वाटतं छोटा सोपा. नाही. आखूड ट्रेलर पटकन वळतो, स्टेअरिंग जरा जास्त फिरवलं की कोपरात दुमडतो. पण हलका पॉप-अप असला तर हिचवरून सोडून दोघांनी ढकलत जागेवर नेता येतो, मी हेच करायचो, लाज सोडून.

आता गोव्याचं. मावशीच्या मुलाला मी ट्रॅव्हल ट्रेलर सांगितला, पण लहान, दोन पोरं आहेत नि तिकडे थंडी आहे म्हणून. बागायतवाल्या मित्राचं तसं नाही, तो इथे एका फॅब्रिकेटरकडून ट्रेलर बनवून घ्यायचं म्हणतोय. त्याला पहिलं सांगितलं की मागे ओढायच्या ट्रेलरलासुद्धा मोटार वाहन कायद्याखाली स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, तेव्हा वेल्डिंगच्या आधी आरटीओत जा. दुसरं, जायचं कुठे ते ठरव. इथे २०१९ पासून पर्यटन स्थळांवर उघड्यावर स्वयंपाक करायला कायद्याने बंदी आहे, म्हणजे बीचवर ट्रेलर लावून बाहेर शेगडी मांडायचं स्वप्न असेल तर ते इथेच सोड. राहिली खाजगी बागायत. आणि तिथे जायचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला चिऱ्यांचे गडगे, मध्ये एक गाडी जेमतेम, समोरून गूळ-पोह्यांची पिशवी लटकवलेला स्कूटरवाला. चोर्ल्याच्या घाटात उतरताना मागून दोन हजार किलो ढकलतायत हा विचार करून बघ. केरी-तेरेखोल फेरीबोटीच्या रॅम्पवर लांब ट्रेलरचं मागचं टोक घासणार ते वेगळंच. म्हणजे आकाराने बघितलं तर गोव्याला पॉप-अपच बरा, बुटका, हलका, ढकलता येणारा.

पण कापड आहे ना! पॉप-अपचा एकच कडक नियम, ओला बंद केलात तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवायचा, नाहीतर बुरशी. मिशिगनात मी एकदा विसरलो, कॅम्पवरून रविवारी पावसात गुंडाळून आणला, ऑफिसच्या गडबडीत दहा दिवसांनी उघडला तर कापडावर काळे ठिपके आणि वास असा की गाद्या फेकून द्याव्या लागल्या. आणि तो मिशिगनचा, इथल्यापेक्षा कोरडा उन्हाळा होता! इथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला पांढरी लव येते, देवाच्या खोलीतल्या पाटाला येते, तिथे घडी घातलेलं कॅनव्हास काय टिकणार. पक्क्या ट्रेलरला पावसाचं भय नाही असं समजू नका, त्याचं छप्पर सांध्यांत गळतं, सीलंट दर वर्षी तपासायचं असतं, एकदा पाणी भिंतीत शिरलं की आतलं प्लायवूड फुगतं आणि बाहेरून काही दिसत नाही, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. कौलं परतण्यासारखंच आहे ते, मे महिन्यात चढून बघायचं. पण ते वर्षातून एकदा. पॉप-अपचं प्रत्येक ओल्या ट्रिपनंतर.

मित्राला हे सगळं त्याच्या घरी बसून सांगत होतो. त्याच्या घरामागे सरपणाची खोप आहे, पत्र्याची, तो लगेच टेप घेऊन आला, उंची दोन मीटर, लांबी चार. म्हणाला बघ, बंद पॉप-अप आरामात मावतो. मावतो, मी म्हटलं, पण वाळवायला उघडशील तेव्हा दोन्हीकडचे पलंग बाहेर येतात, साडेतीन मीटरची पेटी सहा-साडेसहा मीटर होते आणि छप्पर वर जातं ते वेगळंच. जुलैत एवढी कोरडी, छताखालची जागा तुझ्याकडे कुठे आहे? तो विचारात पडला, अंगणात बघितलं, तुळशीपासून गडग्यापर्यंत पावलं टाकली, म्हणाला माटव (मांडव) घालावा लागेल रे पावसात.

त्याची आई आत फणसाच्या बिया सोलत होती, तिथूनच म्हणाली, "माटव घालायचाच असेल तर आधी लग्न ठरव, दोन्ही कामं एकाच खर्चात होतील." तो चौतीसचा आहे. टेप गुंडाळून आत गेला.