रेडलायनिंग

रेडलायनिंग : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रहिवाशांचा वंश पाहून शहरातील ठरावीक वस्त्यांना घरकर्ज व विमा नाकारण्याची पद्धत. नकाशावरच्या लाल रंगावरून हे नाव पडले. १९६८ च्या कायद्याने ही पद्धत बेकायदा ठरली. पण तिथल्या मध्यमवर्गाची मुख्य पुंजी घरातच असते, त्यामुळे या पद्धतीचा हिशेब अजून मिटलेला नाही.

१९२९ नंतरच्या महामंदीपूर्वी घराची जवळपास निम्मी किंमत रोख भरावी लागे. कर्जाची मुदत तीन ते पाच वर्षे, आणि शेवटी मुद्दल एकरकमी. मंदीत असे कर्जदार बुडाले. १९३३ मध्ये निघालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाने सुमारे दहा लाख गहाणे आपल्याकडे घेऊन पंधरा वर्षांच्या हप्त्यांनी बांधून दिली. पुढे तिने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे केले : हिरवा, निळा, पिवळा आणि ‘धोकादायक’ लाल. प्रत्येक पट्ट्यामागे एक छापील फॉर्म असे. घरांचे वय, बांधकाम, भाडे यांच्या जोडीला ‘निग्रो : आहेत की नाहीत, किती टक्के’ आणि ‘कोणाचा शिरकाव’ असेही रकाने असत, स्थानिक दलाल व बँकवाल्यांना विचारून ते भरले जात. लाल पट्ट्यांत गरीब गोरेही पुष्कळ होते, पण कृष्णवर्णीयांची वस्ती मात्र जवळजवळ हमखास लाल.

सगळा दोष या नकाशांवर टाकणे सोपे आहे, पण बरोबर नाही. या महामंडळाने स्वतः लाल भागांतही कर्जे दिली होती. खरी किल्ली होती १९३४ च्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेकडे. तिने कर्जाचा विमा उतरवला की बँक ८० टक्क्यांपर्यंत रक्कम वीस वर्षांसाठी देई. तिच्या मूल्यांकन-पुस्तिकेत मिश्र वस्ती ही जोखीम धरलेली होती. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरने कृष्णवर्णीय वस्तीलगत सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत बांधली, तेव्हा कुठे त्याच्या घरांना मंजुरी मिळाली. एट माइल रोडजवळ ती भिंत आजही उभी आहे.

कर्जाचा दरवाजा बंद झाल्यावर शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलसारख्या भागांत करारखरेदी फोफावली. कृष्णवर्णीय शेजारी आले की भाव पडेल म्हणून घाबरलेल्या गोऱ्या मालकाकडून दलाल घर स्वस्तात घेई आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला ते बऱ्याचदा जवळपास दुपटीने हप्त्यांवर विके. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत विकणाऱ्याच्याच नावावर. एक हप्ता चुकला की घर गेले, भरलेले पैसेही गेले; तेच घर मग पुढच्या गिऱ्हाइकाला. दुरुस्तीचा खर्च मात्र घेणाऱ्याच्या माथी. हप्ते भागवायला लोक खोल्या पाडून भाडेकरू ठेवत, छपराची डागडुजी पुढे ढकलत. अशाने वस्ती खरोखरच खालावली, आणि मूल्यांकन करणाऱ्याचे भाकीत त्याच्याच नकाराने खरे ठरले.

उपनगरांत उलट चित्र. लाँग आयलंडवरील लेविटटाउनमध्ये १९४९ च्या सुमारास घर ७,९९० डॉलरला मिळे, फक्त गोऱ्यांना. वीसेक वर्षांनी कायद्याने दार उघडले तोवर भाव चढले होते. वाढलेल्या किमतीवर गोऱ्या घरांतली मुले शिकली, धंद्याला तारण मिळाले, पुढच्या पिढीचे डाउन पेमेंट निघाले. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (अगदी मधल्या कुटुंबाची) संपत्ती २,८५,००० डॉलर, तर कृष्णवर्णीयाची ४४,९०० डॉलर भरली. ही सगळी तफावत घरांमुळे नव्हे. वेतन आणि नोकऱ्यांतील भेदभावही त्यात आहेच. शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून निघतो, म्हणून घराचा भाव पडला की शाळेचे उत्पन्नही आटते.

एखाद्या गावाचा असा इतिहास शोधताना दोन ठिकाणी चूक होते. १९३० च्या दशकातील पट्टे आजच्या जनगणना-विभागांशी जुळत नाहीत, त्यामुळे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत. शिवाय लहान गावांचे नकाशे निघालेच नाहीत. तिथे जुनी खरेदीखते पाहावी लागतात. ‘गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये, घरचे नोकर वगळून’ अशी अट पुष्कळदा अख्ख्या लेआउटसाठी एकदाच नोंदलेली असते, म्हणून एकेका घराचे खत चाळून ती सापडत नाही. काही अटींत ‘आशियाई’ असा स्पष्ट उल्लेख असे. भारतीय ‘गोरे’ ठरत नाहीत, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वाच्या थिंड खटल्यात १९२३ मध्येच म्हटले होते. १९४८ च्या शेली खटल्यापासून न्यायालये अशा अटींची अंमलबजावणी करत नाहीत, पण मजकूर कागदावर तसाच राहतो. काही राज्यांत मालकाला अर्ज करून ती अट रद्द असल्याची नोंद करून घेता येते.